राउटर बदलूनही नेट जातंच? आधी बिघाडाची जागा शोधा, मग राउटर निवडा

फोनवर वायफायच्या सगळ्या पट्ट्या दिसतात, पण पान उघडत नाही. मीटिंगमध्ये आवाज तुटतो, व्हिडिओ मधेच गोल फिरत बसतो. कुणीतरी उठून राउटर बंद करून चालू करतं, तासभर बरं चालतं आणि पुन्हा तेच. असं काही आठवडे झालं की घरात ठराव पास होतो: राउटर जुना झालाय, नवा आणा. नवा येतो, दोन दिवस कौतुक होतं, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नेट पुन्हा जातं.

'नेट जातं' या एका तक्रारीखाली तीन वेगळे बिघाड असू शकतात: बाहेरून घरापर्यंत येणाऱ्या लाइनचा, राउटर नावाच्या डब्याचा, किंवा डब्यापासून फोनपर्यंतच्या हवेतला. नवा राउटर डब्याच्या बिघाडावर हमखास इलाज आहे, हवेच्या बिघाडावर कधीकधी, आणि लाइनच्या बिघाडावर, पुढे येणारा एक अपवाद सोडला तर, त्याचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून 'कोणता राउटर घेऊ?' असं कुणी विचारलं की मॉडेलचं नाव सांगण्याआधी मी खालची तपासणी करायला सांगतो. बऱ्याच जणांची खरेदी तिथेच रद्द होते.

वायर लावून बघा

एक लॅपटॉप आणि एक लॅनची वायर लागेल. वायर राउटरच्या लॅन पोर्टात लावा आणि लॅपटॉपचं वायफाय आठवणीने बंद करा, नाहीतर तपासणीला अर्थच उरत नाही. आता कमांड टाइप करायच्या दोन खिडक्या उघडून दोन पिंग सतत चालू ठेवा. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला पुन्हा पुन्हा हाक मारून उत्तर येतं का, किती वेळात येतं ते बघणं. पहिला राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर. तो डब्याखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरा बाहेरच्या एखाद्या भरवशाच्या पत्त्यावर, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८. मग नेट जायची वाट बघा. चांगल्या वेळी केलेल्या तपासणीतून काही कळत नाही.

नेट गेल्यावर फोन रडतोय, पण वायरवरचे दोन्ही पिंग सुरळीत चालू आहेत, तर बिघाड हवेत आहे. राउटर उत्तर देतोय पण बाहेरच्या पत्त्याकडून उत्तर येत नाही, तर संशय लाइनवर. आणि वायर लावलेली असूनही राउटर स्वतःच गप्प बसला, तर डबाच आजारी आहे.

चौथी शक्यताही असते. दोन्ही पिंग उत्तम, तरी वेबसाइट उघडत नाहीत. अशा वेळी नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडकलेली असते. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. काहीही विकत न घेता हे दुखणं जातं.

लाइनचा बिघाड

फायबर असेल तर आधी ओएनटीकडे बघा, म्हणजे ज्यात फायबरची बारीक वायर शिरते तो डबा. 'पॉन' लिहिलेला, जोडणीचा दिवा स्थिर हवा. एलओएसचा दिवा लाल झाला, तर प्रकाशच पोचत नाहीये. वायर कुठेतरी मुडपली आहे, कनेक्टर सैल किंवा मळका आहे, नाहीतर बाहेर काहीतरी तुटलंय. फर्निचर सरकवताना फायबर चेपली जाणं हे फार सामान्य कारण आहे. कनेक्टर काढून टोकात डोकावून मात्र बघू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

दिवे ठीक आहेत आणि राउटर वेगळा डबा आहे, तर खराब वेळेला राउटर बाजूला काढा आणि लॅपटॉप थेट ओएनटीला जोडा. कनेक्शन पीपीपीओई प्रकारचं असेल तर लॅपटॉपवर तेच युजरनेम आणि पासवर्ड टाकून जोडणी करावी लागते. तरीही नेट जात असेल तर राउटरचा विषय संपला. तारीख-वेळेसकट पिंगचे आकडे घेऊन कनेक्शन देणाऱ्या कंपनीशी बोला. 'नेट स्लो आहे' या तक्रारीवर 'राउटर रिस्टार्ट करा' हेच उत्तर मिळतं. 'राउटर काढून थेट जोडलं तरी अमुक वेळेला पिंग तुटला' यावर निदान माणूस पाठवावा लागतो.

फक्त संध्याकाळीच वायरवरचा वेग पडत असेल तर बहुधा गर्दी आहे. जीपॉन प्रकारच्या फायबरमध्ये डाउनलोडसाठीची सुमारे २.५ गिगाबिटची क्षमता बऱ्याचदा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, आणि संध्याकाळी सगळेच एकदम बसतात. घोळ असा की शेजारपाजारची वायफायही त्याच वेळी जोरात असतात. म्हणून लाइन की हवा हे वायर लावल्याशिवाय सांगता येत नाही.

लाइनचाच आणखी एक प्रकार आहे आणि तो राउटर बदलून खरोखर सुटतो. घरात कुणाच्या तरी फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू होतो आणि बाकी सगळ्यांचं नेट बसतं. बाहेरचा पिंग २० मिलिसेकंदांवरून ५००च्या वर उडी मारतो, बॅकअप संपला की आपोआप खाली येतो. याला बफरब्लोट म्हणतात. अपलोडचा मार्ग भरला की डेटा रांगेत तुंबतो, आणि मीटिंगचा आवाजही त्याच रांगेत मागे उभा राहतो. वेगवान प्लॅन घेऊन हे दर वेळी जात नाही. यासाठी राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय लागते. तिच्यात केक किंवा एफक्यू-कोडेल या पद्धती वापरलेल्या असतात. लाइनच्या खऱ्या वेगाच्या साधारण ९० टक्के मर्यादा तिथे घालायची. सर्वोच्च वेग किंचित कमी होतो, पण तुंबणं थांबतं. नुसतं 'क्यूओएस' (कुठल्या डेटाला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) लिहिलेलं असलं म्हणजे ही सोय आहेच असं नाही, हे खरेदीआधी तपासा.

डब्याचा बिघाड, आणि बिचारा अडॅप्टर

राउटर स्वतःच गप्प होत असेल तर त्याच्या स्टेटस पानावर अपटाइम बघा, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे ते. तुम्ही हात न लावता तो आकडा शून्यापासून सुरू झालेला दिसला, तर राउटर आपोआप रिस्टार्ट होतोय. अशा वेळी माझा पहिला संशय राउटरवर नसतो, भिंतीतल्या अडॅप्टरवर असतो. त्याच्या आतले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कमजोर होतात. राउटरवर काम कमी असतं तोवर अडॅप्टर निभावून नेतो, सगळे एकदम जोडले गेले की व्होल्टेज पडतं आणि राउटर गचका खाऊन पुन्हा उठतो. दिवे मात्र सगळे लागलेले दिसतात, म्हणून अडॅप्टरकडे कुणाचं लक्ष जात नाही. बदली अडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, पिनची धन-ऋण दिशा तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. जुन्यावर १२ व्होल्ट १ अँपिअर असेल तर १२ व्होल्ट दीड अँपिअर बिनधास्त लावा; ९ व्होल्टचा लावू नका.

अपटाइम शाबूत आहे पण डबा गोठतो, तर उष्णता किंवा फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर. सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर तापणारच. मोकळ्या जागी ठेवा, फर्मवेअर अपडेट करा, फॅक्टरी रीसेट करून एकदा सगळं नव्याने भरा. एवढं करूनही गोठतोय, तर मात्र तो खरंच गेलाय. आता नवा घ्या.

हवेतला बिघाड

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या, आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच वाया जातात.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंती बऱ्या भेदतो, पण अरुंद आहे. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीत पंधरा वायफाय असतील तर ती सगळी या तिघांत कोंबलेली असतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात. राउटरच्या मागे यूएसबी ३ची हार्ड डिस्क लावली असेल तर तीसुद्धा इथे आवाज करते; इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. या पट्ट्यावर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केल्याने आकडा मोठा दिसतो आणि गर्दीच्या जागी अनुभव वाईट होतो.

५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, पण भिंतीपुढे तो लवकर हार मानतो. त्यात एक खोड आहे जी फार थोड्यांना माहीत असते. ५२ ते १४४ हे चॅनेल बहुतेक देशांत रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे बसलेल्या राउटरला रडारची चाहूल लागली, किंवा तसा नुसता भास झाला, तरी चॅनेल सोडावाच लागतो; आणि अशा दुसऱ्या चॅनेलवर बसण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत राहावं लागतं. म्हणून ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीतून अचानक गायब होतं आणि मिनिटाभराने परत येतं. राउटरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींमध्ये, 'रडार' किंवा 'डीएफएस' (रडारला जागा देण्याच्या या नियमाचं नाव) दिसलं की समजा. उपाय फुकटचा आहे: चॅनेल ऑटोवरून काढून ३६ ते ४८ यांपैकी एक कायम करा. १६० मेगाहर्ट्झ रुंदी चालू असेल तर ती ८० वर आणा, कारण ३६ पासून १६० रुंद पट्टा घेतला की तो ६४ पर्यंत जातो, म्हणजे रडारच्या हद्दीत शिरतोच.

आता जागा. पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा बघा. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारची अ‍ॅप्स सिग्नलचा जोर डीबीएम या एककात दाखवतात. मॅकवर ऑप्शन बटण दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की दिसतो. आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो. उणे ७५च्या खाली गेलात की तक्रार करू नका, जागा बदला. कपाटात, टीव्हीच्या मागे, जमिनीवर, आरशाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या आड ठेवलेला राउटर कितीही महाग असला तरी तिथून पुढे पोचत नाही. एखादी लांब लॅनची वायर मिळवा, राउटर तात्पुरता घराच्या मध्यावर, खांद्याच्या उंचीवर ठेवा आणि दिवसभर वापरून बघा. दुखणं गेलं तर तुम्हाला नवा राउटर नको, कायमची वायर हवी.

'लाँग रेंज' लिहिलेल्या मॉडेलबद्दलही इथेच बोलून घेतो. राउटर किती जोरात ओरडू शकतो यावर कायद्याची मर्यादा असते, आणि फोनचा आवाज त्याहूनही बारीक असतो. राउटरचं फोनला ऐकू आलं म्हणून फोनचं राउटरला ऐकू येईलच असं नाही. पट्ट्या पूर्ण आणि पान मात्र उघडत नाही, यामागे अनेकदा हेच असतं. अँटेनांची संख्या मोजून तर अजिबात घेऊ नका.

घ्यायचाच ठरला तर

बिघाड कळला की निवड सोपी होते, कारण खोक्यावरच्या बहुतेक गोष्टींकडे दुर्लक्ष करता येतं.

सुरुवात त्या मोठ्या आकड्यापासून. एएक्स३००० म्हणजे ३००० एमबीपीएस मिळतील असं नव्हे. २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२ यांची ती बेरीज आहे, वर गोल केलेली. दोन भावांचे पगार एकत्र करून एकाच्या नावावर सांगावेत तसा हा प्रकार. त्यातले २४०२ सुद्धा १६० मेगाहर्ट्झ रुंदी धरून आहेत. ८० वर, दोन अँटेनांच्या फोनला, वायफाय ६ मध्ये जोडणीचा कमाल वेग १२०१ असतो, आणि हातात पडणारा खरा वेग त्याच्या निम्मा ते दोन तृतीयांश. १०० किंवा २०० एमबीपीएसच्या लाइनला हे पुरून उरतं.

त्यापेक्षा मागची पोर्ट बघा. स्वस्त मॉडेलांत वायफायचा आकडा १२०० आणि मागची पोर्ट १०० एमबीपीएसची, अशी जोडी सर्रास असते. मग लाइन ३००ची घेतली तरी पदरात ९४च पडतात. 'गिगाबिट वॅन आणि लॅन' असं स्पष्ट लिहिलेलं हवं; वॅन म्हणजे बाहेरची लाइन शिरते ते पोर्ट, लॅन म्हणजे घरातल्या वायरींची. पोर्ट गिगाबिट असूनही ९४ वरच अडकलं असेल तर वायर तपासा. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक जोडी तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. ही वायर बदलायला राउटरच्या किमतीचा अंशही लागत नाही.

पिढी कोणती? वायफाय ५ नव्याने घेऊ नका. वायफाय ६ ची प्रमाणपत्रं २०१९ पासून मिळू लागली, आज घराला तो योग्य मध्य आहे: गर्दीत अनेक उपकरणं बरी सांभाळतो आणि डब्ल्यूपीए३ या नव्या पासवर्ड-सुरक्षेसोबत येतो. ६ई मध्ये ६ गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा मिळतो, पण तो ५ पेक्षाही भिंतीला घाबरतो, आणि तुमच्या देशात तो खुला हवा, फोनातही हवा. वायफाय ७ जानेवारी २०२४ पासून प्रमाणित होतोय. एकाच वेळी दोन पट्टे वापरण्याची त्याची एमएलओ सोय चांगली आहे, पण ती दोन्ही बाजूंना लागते. घरात वायफाय ७ चं एकही उपकरण नसेल तर त्या फरकाचे पैसे मी एका चांगल्या वायरवर आणि दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर (नुसतं वायफाय पसरवणाऱ्या डब्यावर) घालेन.

मी स्वतः सगळ्यात आधी बघतो ती गोष्ट खोक्यावर नसतेच: फर्मवेअरचे अपडेट. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं डाउनलोडचं पान उघडा आणि शेवटची तारीख बघा. दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर तो डबा नवा असूनही सोडून दिलेला आहे. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५० हून अधिक देशांतले किमान ५ लाख राउटर आणि स्टोरेज डबे पकडले होते, आणि एफबीआयला लोकांना राउटर रिस्टार्ट करा असं जाहीरपणे सांगावं लागलं होतं. त्यात घरगुती मॉडेलं पुष्कळ होती. अपडेट आपोआप होतात का, आणि किती वर्षं देणार हे लिहून दिलंय का, एवढं बघूनच पुढे जा. मॉडेलच्या नावाशेजारी व्ही१, व्ही२, व्ही३ असा हार्डवेअरचा आकडाही असतो. नाव तेच, पण आतली चिप, मेमरी सगळं वेगळं असू शकतं. कौतुक व्ही१ चं वाचायचं आणि हातात व्ही४ पडायचा, असं होतं. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर टाकायचा बेत असेल तर हा आकडा पाहिल्याशिवाय खोकं फोडू नका.

एका राउटरने घर भरत नसेल तर रिपीटर घेण्याचा मोह होतो. एकाच रेडिओवर ऐकून पुन्हा बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो. मेश संच, म्हणजे एकमेकांशी बोलून एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे, त्याहून बरा, पण त्याचा दुसरा डबा लोक नेमका जिथे सिग्नल नाही तिथे ठेवतात. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे, तिथे ठेवायचा. दोन डब्यांमध्ये वायर टाकता आली तर उत्तमच, आणि मग महागड्या मेशचीही गरज नाही. जुना राउटर धड असेल आणि त्याला अपडेट अजून मिळत असतील, तर त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद करा, पत्ता वेगळा द्या, वायर त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टात लावा. झाला अ‍ॅक्सेस पॉइंट.

कंपनीला आधी विचारायच्या गोष्टी

ही पायरी चुकली तर चांगला राउटरही पहिल्या दिवशी मुका बसतो. टेलिफोनच्या तारेवरचं डीएसएल असेल तर साधा राउटर चालणार नाही, मोडेम लागतोच. केबलवाल्या कनेक्शनला कंपनीने मान्य केलेलाच मोडेम लागतो. फायबरला पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा असेल तर तो, आणि जुन्या राउटरचा मॅक पत्ता (त्या डब्याचा ओळख क्रमांक) कंपनीकडे नोंदवलेला आहे का, हे विचारून ठेवा. नोंदवलेला असेल तर नव्या राउटरमध्ये जुन्याचा क्रमांक देणारी 'मॅक क्लोन' ही सोय वापरा किंवा कंपनीकडून नोंद बदलून घ्या.

ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतील तर तो डबा काढता येत नाही. नवा राउटर त्याच्या मागे लागतो. तेव्हा जुना ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देईल. ते शक्य नसेल तर नव्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर चालवा. दोघेही राउटर म्हणून चालू राहिले तर दुहेरी नॅट होतं, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. साधं ब्राउझिंग चालतं, पण ऑनलाइन गेम आणि बाहेरून बघायचे कॅमेरे अडतात. आणि जुन्याचं वायफाय बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन डबे एकमेकांच्या डोक्यावर बोलत बसतात आणि फोन नेमका जुन्यालाच चिकटतो.

लावल्यावर

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवा. बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातील. नुसता डब्ल्यूपीए३ ठेवला तर जुने प्रिंटर, बल्ब, कॅमेरे अडून बसतात, म्हणून सुरुवातीला डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असलेला पर्याय ठेवा. एखाद्या जुन्या लॅपटॉपला नवं नेटवर्क यादीत दिसतच नसेल तर राउटरला दोष देऊ नका. इंटेलच्या काही वायफाय कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर वायफाय ६ चं नेटवर्क दिसत नाही. ड्रायव्हर अपडेट केला की दिसतं. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय) आणि बाहेरून लॉगिन करण्याची सोय बंद करा.

मग परत करण्याची मुदत संपायच्या आत, नेट जायच्या नेहमीच्या वेळेला, तेच दोन पिंग पुन्हा चालवा. बाहेरचा पिंग पूर्वीसारखाच तुटत असेल तर राउटर परत करून टाका आणि लाइनच्या तक्रारीमागे लागा. जुना राउटर कुणाला देणार असाल तर त्याआधी फॅक्टरी रीसेट करा. त्यात तुमच्या वायफायचा पासवर्ड आणि कनेक्शनचं लॉगिन दोन्ही साठवलेलं असतं.